टँकमध्ये खडीऐवजी वाळू: आधी फिल्टर पाहा, मग दाणा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ९० × ४० सेंटिमीटर तळाचा टँक बऱ्याच काळापासून नीट चालू आहे. तळाला मध्यम आकाराची खडी आणि तिच्याखाली अंडरग्रॅव्हल फिल्टर. आता कॉरीडोरास (तळाशी चरणारे छोटे मिशाळ मासे, लाडाने ‘कॉरी’) आणायच्या आहेत, म्हणून खडी काढून वाळू घालायचा विचार आहे. वाळू कोणती, किती, आणि ‘वाळूत विषारी वायू साठतो, मासे मरतात’ हे खरं का?

जरूर घाला. कॉरीसाठी वाळूच योग्य. मात्र तुमच्या प्रश्नात जो फिल्टर जाता जाता आलाय, तोच या सगळ्यातला खरा अडथळा आहे. वायूची भीती त्यामानाने किरकोळ. म्हणून सुरुवात फिल्टरपासून.

अंडरग्रॅव्हल फिल्टरमध्ये तळाशी चिरा असलेली प्लेट, तिच्यावर खडी, आणि कोपऱ्यातल्या नळीतून हवेच्या जोरावर किंवा पॉवरहेडने (पाण्यात बुडवायच्या छोट्या पंपाने) पाणी वर ओढलं जातं. त्यामुळे टँकमधलं पाणी सतत खडीतून खाली झिरपत राहतं आणि खडीच्या दाण्यादाण्यावर जिवाणू वाढतात. हेच जिवाणू माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. म्हणजे प्लेट नुसती वाट करून देते, फिल्टरचं काम खडी करते. खडी काढलीत की फिल्टरच काढलात. आणि प्लेट तशीच ठेवून वर वाळू टाकली, तर बारीक दाणे चिरांतून खाली उतरतात, उरलेले चिरा बुजवतात, पाणी झिरपणं थांबतं. प्लेटखाली मग साचलेल्या पाण्याची एक बंद पोकळी तयार होते, ती वेगळीच डोकेदुखी. प्लेटवर जाळी अंथरून वाळू घालायचे प्रयोग लोक करतात, पण जाळीही गाळाने बसते. वाळू आणि अंडरग्रॅव्हल एका टँकमध्ये नांदत नाहीत.

तेव्हा पहिलं काम वाळू आणण्याचं नाही. आधी नवा फिल्टर लावा: स्पंज, हँग-ऑन (काचेच्या कडेला अडकवायचा), कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डबा), तुम्हाला सोयीचा पडेल तो. मग जुना अंडरग्रॅव्हल चालू ठेवून दोन्ही सोबत किमान चार ते सहा आठवडे चालू द्या. तेवढ्या काळात नव्या स्पंजवर जिवाणूंची वस्ती बसते. ही पायरी गाळून एका रविवारी सगळं बदलून टाकणाऱ्यांच्या टँकमध्ये अमोनिया साठतो, मासे आठवड्याभरात पाण्याच्या वर येऊन धापा टाकायला लागतात, आणि खापर मात्र वाळूवर फुटतं.

आता वाळू. वाळू म्हणून मिळणाऱ्या सगळ्या वस्तू सारख्या नसतात. बघायच्या गोष्टी तीन: दाण्याचा आकार, दाण्याची धार आणि पाण्यावर होणारा परिणाम.

आकार साधारण ०.४ ते १ मिलिमीटरमधला असावा. स्विमिंग पूलच्या फिल्टरसाठी जी सिलिका वाळू विकतात ती बहुधा याच पट्ट्यात बसते, चाळलेली असल्यामुळे दाणे एकसारखे असतात आणि धुवायलाही कमी लागते. माझी पहिली पसंती तिलाच. मुलांच्या खेळण्यासाठीची वाळू चालते, पण तिच्यात अगदी बारीक पीठही असतं आणि मोठे दाणेही. बारीक पीठ मोठ्या दाण्यांच्या फटीत जाऊन बसलं की थर दाबला जातो आणि त्यातून पाणी फिरत नाही. पाव मिलिमीटरहून बारीक वाळू शोभेच्या टँकसाठी मी घेत नाही. ती मऊ असते, दिसायला छान असते, पण फिल्टरच्या झोतानेही उडते आणि सायफनमध्ये (तळाची घाण ओढून काढायच्या नळीत) पाण्याबरोबर निघून जाते.

धार डोळ्यांनी नीट कळत नाही, बोटांनी कळते. ओली वाळू चिमटीत घेऊन अंगठा आणि तर्जनी यांच्यात जोर न लावता चोळा. गोल दाणे सरकतात, फोडलेल्या दगडाचे दाणे बोचतात. बांधकामासाठी दगड फोडून केलेली क्रश सँड म्हणूनच टाळायची. तिचे दाणे कोनदार असतात आणि सोबत दगडाची भुकटीही भरपूर येते. नदीची वाळू बहुतेक वेळा गोलसर असते, पण तिच्यात माती, काडीकचरा, शिंपल्यांचे तुकडे काहीही असू शकतं. समुद्रकिनाऱ्याची वाळू गोड्या पाण्याच्या टँकला नको. मीठ धुऊन जाईल, शिंपल्यांचा चुरा कुठे जाणार?

तो चुरा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते हळूहळू विरघळतं आणि पाण्याची कठीणता आणि पीएच वर नेतं. आफ्रिकेतल्या मलावी किंवा टांगानिका सरोवरातल्या सिक्लिड माशांना ते हवंच असतं, तिथे कोरल सँड मुद्दाम घालतात. कॉरी, टेट्रा, रासबोरा यांच्या टँकमध्ये ते नको. तपासायला थोडी कोरडी वाळू वाटीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओता. बुडबुडे येऊन फसफसली तर कार्बोनेट आहे. मात्र व्हिनेगर सौम्य आम्ल आहे. प्रमाण कमी असेल तर ते गप्प राहतं. खात्री हवी असेल तर बरणीत वाळू आणि आरओचं पाणी एकत्र ठेवा, आठवड्याने त्या पाण्याचं केएच (कार्बोनेटमुळे येणारी कठीणता) मोजा. आरओच्या पाण्यात ते जवळपास शून्य असतं, त्यामुळे थोडी वाढही लगेच दिसते.

काळी वाळू घेणार असाल तर आणखी एक चाचणी: लोहचुंबक फिरवून बघा. काही काळ्या वाळूंत लोहयुक्त दाणे असतात. ते फिल्टरच्या मोटरमधल्या चुंबकावर जाऊन बसतात आणि काच पुसायच्या चुंबकी ब्रशलाही चिकटतात. असा एक दाणा ब्रश आणि काच यांच्यात अडकला की प्रत्येक फेरीला काचेवर ओरखडा उठतो. साधी पांढरी वाळूही तळाजवळ काच घासताना हेच करते, तेव्हा वाळूच्या वरची दोन-तीन सेंटिमीटर काच चुंबकाने घासायची नाही. तिथे जुनं एटीएम कार्ड वापरावं.

किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले थराची जाडी, सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि भागिले १०००. हे झाले लिटर. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलोच्या थोडी वर भरते. तुमच्या टँकला ४ सेंटिमीटरचा थर हवा असेल तर १४.४ लिटर, म्हणजे २२-२३ किलो. धुताना थोडी जाते, २५ किलो आणा. स्टँड जेमतेम असेल तर खडी काढून वाळू घातल्याने वजनात किती फरक पडतो तेही पाहून घ्या.

चारच सेंटिमीटर का? कॉरी तोंड खुपसून अन्न शोधतात, त्यांना दोन-तीन सेंटिमीटरही पुरतात. झाडांच्या मुळांना थोडं जास्त लागतं. मागे सहा, पुढे तीन असा उतार दिसायला चांगला वाटतो, पण वाळूचा उतार टिकत नाही, काही महिन्यांत सपाट होतो. टिकवायचा असेल तर मध्ये आडवे दगड लावावे लागतात.

आता तो वायू. यात तथ्य आहे, पण जितकं सांगतात तितकं नाही. थराच्या वरच्या भागात जिवाणू प्राणवायू वापरतात. खाली प्राणवायू संपला की दुसरे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि त्याचा नायट्रोजन वायू होऊन तो बुडबुड्यांनी निघून जातो. हे आपल्या फायद्याचंच. त्याही खाली, जिथे नायट्रेटही पोचत नाही आणि कुजणारं अन्न मात्र भरपूर असतं, तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड करतात. सडक्या अंड्याच्या वासाचा, माशांना फार थोड्या प्रमाणातही घातक असणारा वायू तो हाच. पण वाळूतल्या लोहाशी त्याचं संयुग होऊन काळं आयर्न सल्फाइड बनतं. काचेतून थरात काळे डाग दिसतात ते त्याचे. थोडा वायू वर सुटलाच तर प्राणवायू असलेल्या पाण्यात त्याचं ऑक्सिडीकरण होतं. त्यामुळे पातळ, मासे उकरत असलेल्या थरातून मासे मरतील इतका वायू साठणं जवळपास अशक्य.

मग मासे मेल्याच्या गोष्टी येतात कुठून? दहा-बारा सेंटिमीटर जाड, बारीक दाण्याचा, महिनोन्‌महिने न हललेला थर, वर भरपूर खाऊ घालण्याची सवय, आणि एके दिवशी मालकाने मासे आत असतानाच सगळा थर एकदम उलथा केला, अशा प्रसंगांतून. तुमचा थर चार सेंटिमीटरचा असेल तर प्रश्नच मिटतो. तरी पाणी बदलताना एका भागात लाकडी काडी हलकेच फिरवावी, पुढच्या वेळी दुसऱ्या भागात. मलेशियन ट्रम्पेट गोगलगाय ठेवली तर ती दिवसा वाळूतच राहते आणि हे काम फुकटात करते. (ती वाढते मात्र भराभर. तिची संख्या म्हणजे तुम्ही किती जास्त खाऊ घालता त्याचा चालताबोलता हिशोब.) मुळं धरणारी झाडंही थरात प्राणवायू सोडतात. नव्या वाळूतून पहिल्या काही दिवसांत येणारे बुडबुडे वासाचे नसतात, ती नुसती अडकलेली हवा असते.

कॉरी वाळूत खाते कशी, हे एकदा टँकसमोर बसून बघण्यासारखं आहे. ती मिश्या टेकवत टेकवत पुढे सरकते, कुठेतरी थबकते आणि तोंड डोळ्यांपर्यंत वाळूत खुपसते. आत घेतलेल्या घासातून अन्न राहतं आणि वाळू कल्ल्यांच्या झाकणांखालून दोन्ही बाजूंनी सरसर गळते. खडीवर हे तिला करताच येत नाही. खडीच्या फटीत गेलेलं अन्न तिच्या तोंडाला येत नाही, ते खाली कुजतं. कॉरीच्या मिश्या झिजण्याचं कारण म्हणून धारदार खडीकडे बोट दाखवतात, आणि तिचा वाटा आहेच. पण वाळू गोल असूनही तळ घाणेरडा असेल तर जिवाणूंच्या संसर्गाने मिश्या तशाच गळतात. म्हणजे वाळू घातली की काम संपलं असं नाही. कुली लोच हा सापासारखा बारीक मासा तर वाळूत पूर्ण गडप होतो. नुसते गप्पी किंवा बेट्टा असते तर ‘खडी राहू द्या, कशाला हा खटाटोप’ असंच मी म्हटलं असतं.

धुण्याबद्दल. एका वेळी बादलीत चार-पाच किलोच घ्या, जास्त घेतलीत तर तळापर्यंत हात पोचत नाही. वाळू आधी ओली करा, कारण कोरड्या सिलिकाची धूळ फुप्फुसांना वाईट. पाण्याचा जोरदार झोत तळाशी सोडायचा, हाताने ढवळायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं आणि गढूळ पाणी ओतून द्यायचं. तेवढ्यात दाणे खाली बसतात, पीठ तरंगत राहतं. ढवळल्यावरही पाण्यातून तळहाताच्या रेषा दिसायला लागल्या की झालं. साबण, डिटर्जंट बिलकुल नाही. हे पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका, गाळ पाइपच्या वाकणात जाऊन बसतो. झाडांना घाला.

आता बदलण्याचा दिवस. आधीचे दोन-तीन आठवडे प्रत्येक पाणी बदलाला खडीत सायफन खोल घालून जितका गाळ काढता येईल तितका काढून ठेवा. जुन्या खडीखाली आणि त्या प्लेटखाली किती मळ असतो हे प्लेट उचलल्यावरच कळतं, आणि तो मासे असलेल्या पाण्यात उसळला तर वायूच्या सगळ्या गोष्टी खऱ्या ठरतील. म्हणूनच मासे आत ठेवून, थोडी थोडी खडी काढत वाळू भरण्याची पद्धत तुमच्या टँकला मी सुचवणार नाही. शिवाय अर्धी खडी अर्धी वाळू ठेवली की दोन्ही मिसळतात, वाळू खाली जाते, खडी वर येते, आणि मग ती वेगळी करायला चाळण घेऊन बसावं लागतं.

माशांना आदल्या दिवशी खायला घालू नका. सकाळी टँकमधलं स्वच्छ पाणी वरून काढून झाकणाच्या मोठ्या टबमध्ये भरा, मासे त्यात हलवा, एअर पंप लावा. नवा फिल्टरही त्याच टबमध्ये चालू ठेवा. तो बंद, ओला पण स्थिर राहिला तर आतल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही आणि ते मंदावतात. उरलेलं पाणी ढवळण्याआधी काढा, मग खडी, मग प्लेट, मग तळाचा गाळ. टँक भरलेला असताना किंवा खडीसकट कधीही उचलू नका, काचेचे सांधे सुटतात.

मोठे दगड असतील तर ते आधी, थेट तळावर ठेवा, खाली थर्माकोलची पातळ शीट असली तरी चालेल. वाळूवर ठेवलेला दगड उकरणारे मासे खालून पोकळ करतात आणि तो एका रात्री कलंडतो. कॉरी इतकं करत नाहीत, पण पुढे सिक्लिड आणलेत तर करतील. मग वाळू पसरा, तिच्यावर बशी किंवा जाड प्लॅस्टिकची पिशवी ठेवा आणि पाणी त्यावर सावकाश ओता. नळाचं पाणी असेल तर क्लोरिन काढूनच. नीट धुतलेली वाळू असली तरी थोडं धुरकट होणारच. एक-दोन दिवसांत बसतं, फिल्टरमध्ये कापसाचा थर दिला तर लवकर.

फिल्टरचं तोंड वाळूपासून निदान सहा-सात सेंटिमीटर वर घ्या आणि त्यावर स्पंज चढवा. पाणी निवळेपर्यंत पॉवरहेड किंवा कॅनिस्टर पूर्ण जोरात चालवू नका. वाळूचा दाणा इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या पात्याच्या) खोबणीत गेला की आधी खरखर ऐकू येते, मग शाफ्ट झिजतो. हवेवर चालणाऱ्या स्पंज फिल्टरला ही भानगडच नाही, म्हणून वाळूच्या टँकला मला तो आवडतो.

जुनी खडी सगळी फेकू नका. दोन-तीन मुठी जुन्या मोज्यात किंवा जाळीच्या पिशवीत बांधून नव्या फिल्टरजवळ महिनाभर ठेवा, तिच्यावरचे जिवाणू कामी येतात. पुढचे दोन आठवडे रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा, खायला निम्मं घाला. दोन्ही शून्य हवेत. ०.२५ पीपीएमच्या (म्हणजे लिटरला ०.२५ मिलिग्रॅमच्या) वर काही दिसलं तर त्याच दिवशी एक तृतीयांश पाणी बदला.

एरवीची सफाई खडीपेक्षा सोपी आहे, फक्त हात वेगळा चालवावा लागतो. खडीत सायफन खुपसायचा असतो. वाळूत तो पृष्ठभागापासून एक-दोन सेंटिमीटर वर धरून हळूहळू गोल फिरवायचा. विष्ठा आणि गाळ हलका असतो, तो वरच पडलेला असतो, भोवऱ्यात उचलला जातो, वाळू जागीच राहते. चुकून नळीत वाळू चढलीच तर नळी चिमटीत दाबा, ती खाली पडते. घाण वर पडलेली दिसते म्हणून वाळूचा टँक लवकर मळतो अशी तक्रार असते. खरं म्हणजे खडीत तितकीच घाण असते, फक्त ती फटीत लपते. डोळ्यांना खुपत असेल तर शुभ्र पांढऱ्याऐवजी मळकट पिवळी किंवा तपकिरी वाळू घ्या. पांढऱ्या तळावर मासेही फिके पडतात, कारण ते तळाशी जुळवून घ्यायला त्वचेतले रंगद्रव्याचे कण आखडून घेतात. गडद तळावर तेच मासे खुलतात.

पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी लेप दिसला तर घाबरू नका, ते डायटम म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ आहे. सिलिका वाळूमुळे ते येतात असा बोलबाला आहे, पण क्वार्ट्झ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. डायटमना लागणारं सिलिकेट मुख्यतः नळाच्या पाण्यातूनच येतं. टँक स्थिरावला की ते आपोआप कमी होतात. निळसर-हिरवा, चिकट, उग्र वासाचा थर आला तर ते सायनोबॅक्टेरिया. तो सायफनने सोलून काढा, दिव्याचे तास कमी करा आणि तिथे पाणी फिरतंय का बघा. काचेला लागून वाळूच्या आत हिरवी रेघ दिसते ती बाहेरच्या उजेडाने. तळाच्या कडेला बाहेरून काळी पट्टी चिकटवली की जाते.

झाडं लावायची असतील तर वाळूत स्वतःचं पोषण काहीच नसतं. क्रिप्टोकोरीन, अमेझॉन स्वॉर्ड, व्हॅलिस्नेरिया यांच्या मुळाशी दोन-तीन महिन्यांनी रूट टॅब (खताची गोळी) खोचा. अनुबियास आणि जावा फर्न यांचा कंद वाळूत पुरू नका, कुजतो. ती लाकडाला बांधा.

कॉरी शेवटी आणा, अमोनिया आणि नायट्राइट सलग दोन आठवडे शून्य आल्यावरच. एका जातीच्या निदान सहा घ्या, दोन-तीन असल्या तर कोपऱ्यात दबून राहतात. आणि बुडणारा खाऊ दिवा मालवताना घाला, नाहीतर वरचे मासे तो तळाला पोचू देत नाहीत.